पडघ्याला लावलेला फोन

वसुलीवाल्यांना हप्त्याची तारीख पाठ असते, तशी घरातली दुखरी जागाही. आमच्या घरात ती जागा म्हणजे ताईचं पडघा गावात ठरलेलं लग्न.

बाबांच्या ऑपरेशनसाठी आईने मोबाईलवरच्या ॲपवरून कर्ज काढलं. ॲपने फोनमधले सगळे नंबर मागितले, आईने 'हो' दाबलं. दोन हप्ते थकले आणि कामतघरच्या आमच्या खोलीत फोन वाजायला लागला. पहिल्या फोनला 'नमस्कार मॅडम', तिसऱ्याला 'ए बाई', पाचव्याला थेट शिवी. ही यांची शिस्त. शिव्या द्यायचा पगार घेतात आणि स्वतःला अधिकारी म्हणवतात.

मी तेव्हा कामगार संघटनेत पत्रकं लिहायचे, शिफ्ट सुटताना कारखान्यांच्या दारात वाटायचे. वसुलीवरच्या पत्रकाची पहिली ओळ माझीच, ठळक: 'फोन उचलू नका, नंबर ब्लॉक करा!' आईचा फोन हिसकावून मी एकेक नंबर ब्लॉक केला. केवढी शूर मी!

चौथ्या दिवशी माझ्याच फोनवर वसुलीवाल्याचा आवाज. "शादी है ना घर में? पडघा का नंबर है अपने पास. लगाऊँ क्या?"

मी कायदा सांगायला लागले. तो हसला. "कानून आप पढो मॅडम, मैं नंबर मिलाता हूँ."

ताई ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. मी म्हणाले, "पडघ्याच्या लोकांनी विचारलं तर सांगायचं, राँग नंबर असेल."

"म्हणजे आता मीही खोटं बोलू?" आई म्हणाली. "तुझं पत्रक ठेव बाजूला. फोन दे इकडे."

तिने ताईच्या होणाऱ्या सासूबाईंना फोन लावला, स्पीकरवर. "विहीणबाई, एक सांगायचं राहिलंय. ह्यांच्या ऑपरेशनला मी कर्ज घेतलंय. हप्ते थकलेत. ते लोक तुम्हालाही फोन करतील. लग्नाचं काय ते तुम्ही ठरवा."

पलीकडे नुसता कोंबड्यांचा कलकलाट. मग आवाज आला, "परवाच आला व्हता त्याचा फोन. त्याला बोलले, हळदीला ये, मटण खा, पन पोरीबद्दल तोंड उघडू नको."

"मग तुम्ही आम्हाला बोलला नाहीत?"

"वाट बघत व्हते, तुमी सांगता का न्हाय. आज सांगितलं नसतं, तर साखरपुड्यात तुमी मला दिलेली साडी उद्या परत धाडली असती. आता न्हाय. तारीख हाय तीच हाय."

ताईने चहाचं आधण ठेवलं. म्हणजे तो हलकट परवाच फोन करून मोकळा झाला होता आणि वापरलेली धमकी आम्हाला पुन्हा विकत होता. आणि माझ्या गप्प बसण्याच्या हुशारीने लग्न मोडणार होतं.

तासाभरात त्याचा परत फोन आला. आईनेच उचलला.

"तो लगाऊँ पडघा?"

"लाव की रे बाबा. कोंबड्यांना दाणे टाकून झाले असतील त्यांचे."

त्याने फोन ठेवला.

वाटायची राहिलेली पत्रकं कोपऱ्यात होती. आईने त्यातलं एक वाचलं आणि माझ्या पुढ्यात टाकलं. "आधी आपल्या माणसांना सांगा, हे कुठाय यात?"

सगळ्या गठ्ठ्यावर, ठळक ओळ खोडून, मी ते पेनाने लिहिलं. बोटं दुखली. दुखायलाच हवी होती.