समितीचा एकुलता एक बेघर

चावीमामांचा एक नेम होता. ज्या घराची चावी करायची, तिची नक्कल स्वतःजवळ ठेवायची नाही. नाक्यावर बसस्टॉपशेजारी पत्र्याची पेटी मांडून ते कानशीने चाव्या घासत बसत आणि काम झालं की गिऱ्हाईकासमोर दोन्ही खिसे उलटे करून दाखवत. अर्ध्या उपनगराची दारं त्यांच्या हाताखालून गेली, पण कधी कुणी बोट दाखवलं नाही. या गोष्टीचा त्यांना भारी तोरा होता. मिरवायला दुसरं काही नव्हतंही. त्यांची भाड्याची खोली ज्या इमारतीत होती, ती पाडून तिथे टोलेजंग इमारत उभी राहिली आणि तिच्यातल्या फ्लॅटच्या जादा चाव्या मामांनीच करून दिल्या. तेव्हापासून ते बागेतल्या बाकावर पाठ टेकत.

बाकावर झोपणाऱ्यांची उपनगराला फार काळजी वाटे, विशेषतः सकाळी फिरायला गेल्यावर. मग बेघरमुक्त उपनगर समिती निघाली. अध्यक्ष झाले एक निवृत्त साहेब. घरात त्यांना कुणी बोलू देत नसे, त्यामुळे समाजकार्याची ओढ दांडगी. समितीने पहिलं काम केलं ते प्रत्येक बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा बसवण्याचं. बसता यावं, आडवं होता येऊ नये. बाकावरची मंडळी गाशा गुंडाळून पुलापलीकडच्या उपनगरात गेली आणि समितीने जाहीर केलं की बेघरांची संख्या झपाट्याने घटली. चावीमामा तेवढे राहिले, कारण त्यांचं गिऱ्हाईक इथलं. ते बंद पडलेल्या बँकेच्या पायऱ्यांवर झोपू लागले.

दुसरं काम निवाऱ्याचं. जुन्या वाचनालयाची एक खोली रंगवली, देणगीदारांची नावं भिंतीवर चढली, खाट आली, आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की आत झोपवायला माणूस एकच उरलाय. त्या दिवसापासून मामांचा भाव वधारला. समितीतल्या वहिनी सकाळचा चहा पाठवू लागल्या. उद्घाटनापर्यंत दाढी करू नका, फोटोत बरं दिसतं, असंही त्यांनी प्रेमाने सांगितलं.

आणि नेमका याच वेळी नाक्यावर शिवणाचं दुकान चालवणाऱ्या शिंपीणताईंनी घोळ घातला. दुकानावरचा माळा रिकामा आहे, भाडं नको, दुकानाला राखण होईल, असं त्या मामांना म्हणाल्या. मामांच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते पथारी गुंडाळायला लागले. अध्यक्षांना खबर लागली तसे ते घरच्या पायजम्यातच धावत आले.

"मामा, ऐन वेळी घर कसलं शोधता? पाहुणे ठरलेत, फलक रंगवून झालाय. तुम्हीच बेघर राहिला नाहीत, तर आम्ही लोकांना तोंड कसं दाखवायचं?"

माळा हातचा जाईल, असं मामा चाचरत म्हणाले.

"उद्घाटनापर्यंत जरा कळ काढा. मग खोली तुमचीच, कायमची. माझा शब्द आहे."

मामा पडले भिडस्त. आजवर लोकांनी आपल्या हाती घरं सोपवली, आता आपण एकदा विश्वास टाकायला काय हरकत, असं त्यांना वाटलं. शिंपीणताईंनी चार गोष्टी सुनावल्या आणि माळा भाच्याला देऊन टाकला. इकडे उद्घाटनाचं घोंगडं भिजत पडलं. पाहुण्यांना वेळ नव्हता, मग पाहुण्यांची तब्येत बिघडली, मग पाहुणेच बदलले. थंडीत मामा पायऱ्यांवर खोकू लागले, तेव्हा समितीने तातडीने काढा पाठवला. मामांचं काही बरंवाईट झालं असतं तर सगळा खर्च वाया गेला असता.

एकदाचं उद्घाटन झालं. हार, भाषणं, फोटो. मामांनीच बसवलेल्या कुलुपाची चावी मामांनाच समारंभपूर्वक देण्यात आली. खाटेवर पाय लांब करून ते नुसते छताकडे बघत पडले. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

पुढच्याच बैठकीत अध्यक्षांनी सांगितलं की उपनगरात आता एकही बेघर नाही. टाळ्या झाल्या. त्या विरल्यावर खजिनदारांनी शंका काढली, मग निवारा कशाला? सगळे विचारात पडले. निवारा बेघरांसाठी, मामांना तर आता घर आहे, म्हणजे नियमाने ते निवाऱ्यात बसतच नाहीत. तेव्हा खोलीत समितीचं कार्यालय करावं, असं एकमताने ठरलं. मामांना सांगायला अध्यक्ष स्वतः आले, पण सगळा वेळ आपल्या बुटांकडे बघत बोलले. खाट हलवायची आहे, म्हणाले. जाता जाता वळले.

"आणि मामा, कुलूप बदलायला हवं. तुमच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा कोण आहे?"

मामांना असा संताप आला की हातातली कानस खाली पडली. तोंडातून मात्र 'बरं' एवढंच निघालं. त्यांनी नवं कुलूप बसवलं. पेटीशी बसून अध्यक्षांना, चिटणिसांना, खजिनदारांना एकेक चावी घासली. सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला.

"राहू द्या हो," अध्यक्ष हसून म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे."

मामांनी हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी खिसे उलटे केले नाहीत.

हल्ली बैठकीला आलं की कार्यालय कसं झाडूनपुसून लख्ख असतं, याचं सगळ्यांना कौतुक वाटतं. वहिनींना वाटतं खजिनदार झाडतात, खजिनदारांना वाटतं वहिनी. दारावरच्या फलकावर लिहिलंय, या उपनगरात एकही बेघर नाही. बैठकीचं टेबल चांगलं लांबरुंद आहे, आणि त्याला मधोमध दांडा नाही.