भार कोणावर आला

तिसरी कमान बसत नव्हती. पहिल्या दोन बसल्या होत्या. तिसरी चार आर्कसेकंद बाजूला पडत होती.

"सोडून द्या ती," पुण्याहून माझे गाइड सर फोनवर म्हणाले. "भलत्याच आकाशगंगेची असेल. दोन कमानींवर थिसिस लिहा आणि मोकळ्या व्हा. जूनमध्ये तुमची रजा संपते, बाई."

रजा संपते हे सरांपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. गोव्यातल्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवत होते आणि पीएचडीसाठी तीन वर्षांची रजा घेऊन पुण्याला गेले होते. जूनच्या आत थिसिस गेला नाही तर तो कायमचा राहणार होता. परत वर्गावर गेल्यावर अर्धा राहिलेला थिसिस पुरा केलेला माणूस माझ्या पाहण्यात नव्हता. त्यातून मी हा फोन माझ्या गावच्या, लाटंबार्सेच्या एसटीडी बूथवरून करत होते. काजूच्या बागेत घसरून आईचा पाय मोडला होता, प्लास्टर होतं आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.

आमचं काम काय होतं ते सांगते. शेकडो आकाशगंगांचा एक समूह असतो, त्याला आम्ही क्लस्टर म्हणतो. तो इतका जड असतो की त्याच्या मागून येणारा प्रकाश वाकतो. ग्लासाच्या जाड बुडातून पलीकडचा दिवा पाहिला तर तो ताणलेला, दोन-तीन ठिकाणी दिसतो, तसंच. मागची एकच आकाशगंगा आपल्याला तीनदा दिसते आणि ताणली जाऊन तिची कमान होते. या कमानींवरून उलटं जायचं, आणि क्लस्टरमध्ये वजन किती आहे नि कुठे आहे ते काढायचं. गंमत अशी, की त्यातलं बहुतेक वजन दिसतच नाही. म्हणून अंदाजाने ते कुठेतरी ठेवायचं, कमानी कुठे पडतील ते कॉम्प्युटरला विचारायचं आणि फोटोशी ताडून पाहायचं. याचं नाव मॉडेल.

आर्कसेकंद म्हणजे पाच किलोमीटरवरून दिसणारं रुपयाचं नाणं. चार आर्कसेकंद म्हणजे तेवढ्याच लांबून दिसणारी एक बशी. चूक बशीएवढीच होती, पण होती.

वजन आम्ही सगळ्यात तेजस्वी आकाशगंगेभोवती ठेवलं होतं. ती क्लस्टरच्या मधोमध प्रमुख पाहुण्यासारखी बसलेली असते. सगळेच तिथे ठेवतात, म्हणून आम्हीही ठेवलं.

कॉम्प्युटर पुण्यात होता. माझ्याकडे फोटोचे मोठे प्रिंट, ट्रेसिंग पेपर आणि कंपासपेटी होती. रोज दुपारी आईच्या खाटेशी बसून मी ते पसरायची. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "बाय, हे कितें सोदता गो तू?"

वस्तुमान हा शब्द मी वर्गात वापरायची, पण तो घरात आणायची लाज वाटली. कोंकणी राजभाषा झाली होती, दारात मराठी वर्तमानपत्र येत होतं आणि आमच्या घरात दोन्ही भाषा एकाच वाक्यात नांदत होत्या. मी सोपं करून सांगितलं, "भार. या सगळ्यांत भार कुठे आहे, ते शोधतेय."

आईने हात जोडले.

माझी चूक मला संध्याकाळी कळली. शेजारची शेवंतीवहिनी नारळ घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "तुमच्या पुण्यात मशिनीर भार येता म्हणे? आमच्या म्हशीचा विचारशात?"

आमच्याकडे भार म्हणजे अंगात येणारा देव. देवळात ढोल वाजतो, एखाद्याच्या अंगात भार येतो, लोक त्याला प्रश्न विचारतात. मी वहिनीला गुरुत्वाकर्षण समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि नारळ ठेवूनच गेली.

ती गेल्यावर मी आईला म्हटलं, "आये, मी वजनाबद्दल बोलत होते. तसला भार नाही."

"जाणा मगे," आई म्हणाली. तिला काही पटलेलं नव्हतं. "पूण ठेवलास खंय तू तो?"

मी फोटोतली तेजस्वी आकाशगंगा दाखवली. आई हसली. पाय मोडल्यापासून पहिल्यांदा.

"मुखार शाल घेवन बसता, तेच्यार कधी भार येता? देवळाच्या म्हाजनांच्या अंगात कधी इल्लो तुवें पळयला?"

"मग कोणाच्या येतो?"

"फाटल्यान खांब्याकडे उबो आसता, तेच्या. तेका कोण पळयनात. भोवतणची माणसां पळय. तीं सरकतात, वाट करतात. थंय भार."

"एखादा उगाच हलत असेल तर?"

"एकटोच हालता तो सोरो पियेलो," आई म्हणाली. "सगळीं सरकतात, तो भार."

देव या विषयात माझा हात आखडता आहे. पण या बाईने आमच्या धंद्यातली एक रीत जशीच्या तशी सांगितली होती: ज्याच्यावर भार आहे तो दिसत नाही, तेव्हा भोवतालचे कसे सरकतात ते पाहायचं. लांबच्या, फिकट आकाशगंगा अदृश्य वजनाभोवती किंचित कलतात, गोल करून उभ्या राहिल्यासारख्या. एकटीचं कलणं निरुपयोगी, कारण ती जन्मतःच तिरकी असू शकते. शंभर-दीडशे जणींची सरासरी काढली तरच ते बोलतं. हे मला वाचून माहीत होतं. आमच्या फोटोत कोपऱ्यात कोणी पाहिलं नव्हतं, कारण कोपऱ्यात चमकणारं काही नव्हतं.

पुढचे नऊ दिवस मी प्रिंटवरच्या त्या फिकट ठिपक्यांचं कलणं कोनमापकाने मोजलं. आई आकडे विचारायची आणि जप मोजावा तसं पुटपुटायची. ईशान्येच्या रिकाम्या कोपऱ्याभोवती ठिपके थोडे, पण एकजुटीने कलले होते.

मी सरांना फोन करून तो कोपरा सांगितला.

"तिथे काहीच दिसत नाही, बाई."

"म्हणूनच तिथे वजनाचा दुसरा ढीग ठेवून बघा, सर."

"आणखी एक ढीग घातला की काहीही फिट होतं."

"तिसरी कमान कॉम्प्युटरला दाखवूच नका. ढीग मी मोजलेल्या ठिपक्यांच्या कलण्यावरून ठेवा, मग कमान कुठे पडते ते विचारा."

"ठिपके मोजले कशाने?"

"कोनमापकाने."

"देवा," सर म्हणाले. पण कॉम्प्युटरवर जॉब लावला.

दोन दिवसांनी त्यांनीच बूथवर निरोप ठेवला. कमान अर्ध्या आर्कसेकंदात बसली होती. थिसिस मेमध्ये गेला. काही वर्षांनी जास्त ताकदीच्या दुर्बिणीने तोच क्लस्टर पाहिला गेला. ढीग होता. मी तो जरा सरकवून ठेवला होता आणि दीडपट जड धरला होता. आमच्यात याला यश म्हणतात.

थिसिसवरून आम्ही लिहिलेल्या पेपरच्या शेवटी ज्यांच्याशी चर्चा झाली त्यांचे आभार असतात. तिथे सरांचं पेन एका नावावर थांबलं.

"रुक्मिणी गावस. या कुठल्या इन्स्टिट्यूटला असतात?"

"लाटंबार्से."

"विषय?"

"भार."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. नाव राहिलं.

छापील पेपर घेऊन मी घरी गेले. आई काठी टेकत अंगणात आली. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. तिने ते थोडा वेळ तिथेच ठेवलं. मग विचारलं, "भार सापडलो. पूण तो कोणाचो? खंयचो देव तो कळ्ळें?"

तो अदृश्य पदार्थ नेमका काय आहे, हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हतं. आजही नाही.

"ते अजून कळलं नाही, आये."

"मगे अर्द्याच कामाचें छापलें?" आई म्हणाली आणि तिने पेपरची घडी घालून तो पदराखाली धरला.

तेव्हापासून निष्कर्ष हा शब्द मी जपून वापरते.