आईने भात सोडला

आईला साखर निघाली तेव्हा लालबागचे आमचे डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "भात कमी करा." घरी येऊन आईने जाहीर केलं, "भात बंद." मालवणी बाईने भात सोडायचा म्हणजे काय, हे चाळीत कुणाला सांगावं लागलं नाही. शेजारीण म्हणाली, "आमचे हे तर कालवण दिसलं की गोळीसुद्धा विसरतात. काकी, तुमच्या पाया पडायला हवं."

तीन वर्षं आईने शब्द पाळला. चहात साखरेऐवजी गूळ, सकाळी कारल्याचा रस. तरी आकडा चढायचा. डॉक्टर विचारायचे, "पथ्य आहे ना?" आईच्या आधी मीच उत्तर द्यायचे, "भाताचं शीतसुद्धा खात नाही." ते गोळी वाढवायचे.

मग चपलेने उजव्या पायाचा अंगठा घासला. तिला कळलंच नाही. मला वास आला तेव्हा बोट काळं पडलं होतं. परळच्या हॉस्पिटलात सर्जन म्हणाले, "बोटावर भागतंय का बघू. साखर उतरली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आहाराचा तक्ता भरायला एक मुलगी आली.

"आजी, सकाळी काय खाता?"

"घावणे. तीन."

"दुपारी?"

"भाकरी."

"कसली?"

"तांदळाची. आमच्यात आणखी कसली करतत?"

"किती?"

"तीन. भात नाय, मगे पोट कशान भरूचा?"

"आणि रात्री?"

"पेज. पातळ आसता ती."

मुलीने लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्या भाकऱ्या मी थापलेल्या होत्या. पिठासाठी तांदूळ धुऊन, वाळवून, गिरणीतून दळून मीच आणायचे. पण आमच्या घरात तांदूळ डब्यात असतो आणि भात टोपात. त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

"आजी, हे सगळं तांदूळच झालं," मुलगी म्हणाली. "याच्यापेक्षा वाटीभर भात, सोबत डाळ, भाजी, मासळी, हे बरं होतं. आणि गूळही साखरच."

आईने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे भात चलता?"

"वाटीभर चालतो."

"गणपतीत सगळी वरणभात जेवली," आई मला म्हणाली. "मी कोपऱ्यात भाकरी खाल्लंय."

भाकरीने पाय गेला असं मी म्हणत नाही. साखर तीन वर्षं चढलेली राहिली, आणि ती का चढते हे शोधायची वेळच आली नाही, कारण विचारलं की माझं उत्तर तयार असायचं.

बोटावर भागलं नाही. चार दिवसांनी गुडघ्याखालून पाय काढला.

ऑपरेशननंतर दोन दिवसांनी हॉस्पिटलचं जेवण आलं. डाळ, दुधी, एक पोळी आणि छोटी वाटी भात. मी पलंग उंच केला, ताट तिच्यासमोर सरकवलं. तिने डाळीला हात लावला नाही. वाटीकडे बघत राहिली.

"आता दितस?"

"खा. गार होतोय," मी म्हटलं.

तिने वाटी पुसून खाल्ली.