गाडी ढकलत घरी

शेजारचा सुरेश हल्ली कोपऱ्यावरच मोटारसायकल बंद करतो आणि घरापर्यंत ढकलत आणतो. पेट्रोल असतं. पण मागच्या गल्लीतल्या टपरीवर बँकेच्या कर्जवसुलीची माणसं बसतात, आणि आवाजावरून त्यांना कळतं की हा आला.

चोरी न करता चोरासारखं चालायला माणूस किती लवकर शिकतो! मी गवंडी, शाळा चौथीपर्यंत. पण ही चाल मला वाचता येते. बायकोच्या आजारपणात एकाकडून पैसे उसने घेतले, तेव्हा त्या माणसाची गल्ली टाळून मीही वर्षभर लांबून फिरलो. शेवटी घराची जागा विकली, पण 'जमत नाही, थोडं थांबा' एवढं तोंडातून निघालं नाही. त्याला मी इमान म्हणायचो. आता वाटतं, नुसता ताठा होता. त्या ताठ्यानं फार दमवलं.

काल सुरेशला कट्ट्यावर बसवलं. म्हटलं, "बँकेत जा. हप्ता कमी करून माग. नाहीच झेपलं तर वकील गाठ, कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज कर. कायदा आहे तसा."

"अब्रू जाईल की, काका. पोरीचं लग्न व्हायचंय."

"मग रोज ढकलत आणतोस ती काय अब्रू आहे?"

तो चिडला. "तुम्ही गेला असतात का?"

खोटं बोलायचंही आता जिवावर येतं. "नसतो गेलो. म्हणून तर म्हातारपणी भाड्याच्या खोलीत आहे."

तो कट्ट्यावरून उठला. मग म्हणाला, "बँक दहाला उघडते ना?"

"मी येतो. बाकावर बसेन. बोलायचं मात्र तुलाच."