आत्याच्या आठवड्याच्या पुड्या

टँकर गावात शिरायच्या आधी त्याची चाहूल लागणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे माझी आत्या. तलवाड्याकडच्या तिच्या गावात दुष्काळात आठ दिवसांनी टँकर यायचा. तो फाट्यावर असतानाच हिच्या दारात पिंप, घागरी, कढई, अगदी देवाचा गडवासुद्धा रांगेत उभा. मला हसू फुटलं की म्हणायची, "कावून हसतोस? हक्काचं सोडू न्हाई आन् दुसऱ्याचं घेऊ न्हाई." याच एका कलमावर तिनं बायकांची दूध सोसायटी चालवली. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी दुसरा पेला पाणी मागितलं, तर चेअरमनबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमच्या वाट्याचं झालं. आता देते ते माझ्यातलं हाय." साहेबांनी तो पेला घोट घोट करून संपवला.

दुधाची किटली उचलताना तिचं मनगट मोडलं आणि हाडं ठिसूळ झाल्याचं कळलं. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीच्या आठ पुड्या दिल्या. आठवड्याला एक, दुधातून घ्यायची. आत्यानं रोज एक घ्यायला सुरुवात केली. तिचं म्हणणं साधं होतं. टँकर आठवड्याचा असला तरी पाणी आपण त्याच दिवशी भरतो ना? मग हाडंही भरून ठेवावीत, उद्या पुडी मिळंल न मिळंल. कंबर जरा मोकळी वाटली तसा तिनं मला फोन केला, "गेवराईहून अजून आण." मी आणल्या. पुन्हा आणल्या. मेडिकलवाल्यानं विचारलं नाही आणि शिकलेल्या भाच्यानंही, आठ आठवड्यांच्या पुड्या आठ दिवसांत जातात कुठं, हे विचारलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

दोन-अडीच महिन्यांत तिला उलट्या सुरू झाल्या. तहान तर लई लागायची, पण ती तिनं लपवली. एका मीटिंगमध्ये तिनं विसरून एकाच बाईचे तीनदा आभार मानले, तेव्हा सगळ्या घाबरल्या. मी तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, हे औषध अति झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मार मूत्रपिंडांना बसतो. मूत्रपिंडं वाचतील की नाही ते महिनाभरानं कळेल. पुड्या बंद झाल्या, सलाइन लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि किती ते हातानं दाखवलं. आत्या म्हणाली, "डाक्टर, तेवढ्यावर एक वासरू जगतंय."

टँकरच्या पाण्यातलं आपल्या वाट्याबाहेरचं ती पिणार नाही हे बायकांना ठाऊक होतं. त्यांनी सोसायटीत रीतसर ठराव मांडला, की चेअरमनबाईंना रोज घरटी एक तांब्या पाणी. सगळे हात वर गेले. आत्या म्हणाली, "माझा इरोध लिवा." तो लिहिला आणि ठराव पास झाला. बहुमतापुढं तिचं काही चाललं नाही.

महिनाभर ती ते पाणी प्यायली, पण दाराला कडी लावून. शेजारणीनं बघू नये म्हणून. मग रिपोर्ट आला. मूत्रपिंडं सावरली होती. मी पेढे घेऊन गेलो, तर तिनं आधी हेच विचारलं, "आता तांबे बंद करायला सांगू का?" मी नको म्हणालो. तिनं मान डोलावली, आत गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला. माझी आत्या वाचली होती, मला आनंदानं रडू येत होतं. फक्त एवढंच वाटत होतं, की एक पेला तरी तिनं अंगणात बसून प्यावा.