रोवणीतले नऊ गोल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते सावली गावच्या शाळेतल्या माझ्या गणिताच्या मास्तरांचे. सातवीनंतर वडील मला नांगराला लावणार होते. मास्तर आमच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, येऊन धुऱ्यावर बसले आणि वडिलांनी हो म्हटल्यावरच उठले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या बसण्यामुळे.

पुढे ब्रह्मपुरीला मी शिक्षक झालो आणि गावच्या फुटबॉल संघाची वही माझ्याकडे आली. चांद्याला मोठा सामना होता. पुढच्या फळीत पोस्टमन ठरलेलाच. त्याच्या जोडीला कप्तानाचा पुतण्या की एक तरुण शिंपी, एवढंच ठरायचं होतं. शिंप्याने त्या सामन्यासाठी संघाचे अकरा सदरे स्वतः शिवले होते.

मी सर्वांसमोर वही वाचली. पोस्टमन-पुतण्या जोडी: पाच सामने, अकरा गोल. पोस्टमन-शिंपी: पाच सामने, सहा गोल.

"पुतण्या हाये म्हणून नाई, मास्तरची वही बोलते," कप्तान म्हणाले.

शिंप्याने सदऱ्यांचा गठ्ठा खाली ठेवला. "मास्तर, रोवणीत सारं गाव धान लावते, पुरी टीम कोनाची येते जी? मी बी तवा आईच्या बांधीत चिखलात होतो."

"यादीतून नाव गेलं का लगेच चिखल आठवते!" कोणीतरी हसलं.

मला शिंप्याचा राग आला. घरी येऊन तारखा पाहिल्या. पुतण्याचे तीन सामने ऐन रोवणीतले, आणि अकरापैकी नऊ गोल त्याच तीन सामन्यांतले. समोर किती गडी उभे होते, हे मी लिहिलंच नव्हतं. धानाच्या घरात वाढलेला मी, आणि मलाच रोवणी दिसली नाही!

रविवारी सायकल काढली आणि त्या सामन्यांतल्या समोरच्या संघांची तिन्ही गावं पालथी घातली.

"आठ झन होतो जी," एका गावात सांगितलं. "नववा बंडीवाला. त्याले म्हटलं, बैल सोड अन् गोलात उभा राह्य."

रोवणीचे सामने वगळले तर पुतण्याच्या जोडीचे दोन सामन्यांत दोनच गोल उरत होते; शिंप्याच्या जोडीचे पाचांत सहा, आणि त्यातला एकही सामना रोवणीतला नव्हता. मी कप्तानांकडे गेलो.

"नावं ठरली आता. तुमचे आकडे काय रोज बदलते?"

"आकडे तेच आहेत, भाऊ. मी चुकीचे वाचले. सगळ्यांसमोर वाचले, म्हणून सगळ्यांसमोरच दुरुस्त करणार."

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी पुन्हा वही उघडली. तेव्हा पुतण्याच म्हणाला, "काका, बंडीवाल्याले गोल मारून मलेच लाज वाटे. खेळू द्या शिंप्याले."

कप्तानांनी नाव बदललं. त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं:

"ती. मास्तरांस शि. सा. नमस्कार.

माझ्या चुकीच्या हिशेबाने एका चांगल्या खेळाडूची जागा जात होती. ती त्याला परत मिळाली. दोन सामन्यांवरून फार सांगता येत नाही, हेही मी सर्वांना सांगितलं. वहीत आता एक नवा रकाना आखला आहे: समोर किती जण. माझ्या उत्तराखाली आपण लाल शाईने 'हे कुठून आलं?' असं लिहायचात. या वेळी ते एका शिंप्याने विचारलं, आणि मला आधी त्याचा रागच आला. क्षमा असावी.

आपला विद्यार्थी"