मावशीच्या चेहऱ्याखाली दुसऱ्याचं तेल

फसवणूक झाली ती माझ्या मावशीची. सारसोळ्याच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बाईची, गेल्या नारळी पौर्णिमेच्या आदल्या रविवारी, दुपारी. कामोठ्याहून एक बाई रिक्षा करून आली. पाटीतल्या बोंबलांकडे तिनं बघितलंही नाही. मोबाइल मावशीच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "हे तुम्हीच ना? तुमच्याकडे बघून मागवलं मी हे तेल. आता बघा माझे गुडघे."

गुडघ्यांवर फोड उठले होते. मोबाइलवर मावशी हसत होती आणि तिच्या हनुवटीखाली लिहिलं होतं, सांधेदुखी कायमची बंद.

तो फोटो मी काढलेला. खाडीच्या बांधावर, भरतीचं पाणी चढत असताना. त्या दिवसांत बाजार उरकला की मी तिच्याबरोबर तिथं बसायचे आणि ती खाडीतल्या जागांची नावं सांगायची. नकाशावर तिथं नुसता निळा रंग असतो. तिच्या तोंडी तिथं म्हातारीची खोच होती, दोन भावांचं वळण होतं. एका जागेचं नाव तर नुसतं 'गप'. होडी तिथं आली की बोलायचं नाही.

"का नाही बोलायचं?"

"तिथं पानी ऐकतं, बाय."

पलीकडचे टॉवर उन्हात विरघळल्यासारखे दिसायचे. मला वाटायचं, खरं शहर हे पाण्यातलं; वरचं थोडे दिवस उभं केलंय, कधीही गुंडाळून नेतील. हे सगळं मी ब्लॉगवर लिहीत होते. खाडीत भराव टाकणाऱ्यांना निदान कशावर टाकतोय ते कळू दे, एवढाच हेतू.

वाचत कोण होतं? मी आणि माझ्या मैत्रिणी. म्हणून लिंकांची अदलाबदल करून देणारी ती साइट मला पटली. आम्ही खाडी वाचवायची पत्रकं वाटणारी माणसं. आमच्यात रीतच आहे, तुमच्या पत्रकाच्या तळाला आमच्या संघटनेचं नाव, आमच्या पत्रकाच्या तळाला तुमचं. मजकूर कुणी वाचत बसत नाही, पाठिंबा द्यायचा असतो. साइटही तेच सांगत होती. आमची पट्टी ब्लॉगच्या तळाला लावा, तीत इतर सभासदांच्या लिंका दिसतील; त्यांच्या पट्टीत तुमचा फोटो आणि तुमची लिंक. मी लावली आणि फोटो मावशीचा दिला. वाचकांचा आकडा वाढायला लागला आणि मी खूश होते.

त्या रविवारी घरी आले आणि पट्टीतल्या लिंका पहिल्यांदा उघडत निघाले. एका पानावर लग्नाच्या जेवणाचे मेनू, दुसऱ्यावर नुसते सूर्यास्त. तिसरं पान पुन्हा पहिल्यासारखंच, रंग तेवढा वेगळा. फ्लॅट सगळे विकले गेलेत पण राहायला कुणी आलेलं नाही, अशा इमारतीचे जिने चढावेत तसं वाटत होतं. मजल्यामजल्यावर दिवा, दाराला तोरण, आत माणूस नाही. आणि प्रत्येक भिंतीवर मावशी. तिच्यावर बोट ठेवलं की खाडी उघडायला हवी होती. उघडलं तेलाचं दुकान. फोटो तिचाच ठेवून त्यामागची लिंक त्यांनी तेलवाल्याला विकली होती. याला मी चोरी म्हणते.

साइटला लिहिलं. उत्तर आलं, "प्रिय भागीदार, आपली गैरसोय आम्हाला महत्त्वाची वाटते." पुन्हा लिहिलं, पुन्हा भागीदार. भागीदार कशात, ते सांगेना कुणी. 'खातं बंद करा' दाबलं की नवीन खातं उघडायचं पान येतं. पोलिसांत तक्रार दिली आहे. माझ्या ब्लॉगवरची पट्टी मी त्याच दिवशी काढली, पण इतरांच्या पट्ट्यांत मावशी तशीच हसत राहिली.

बाजारात गोष्ट पसरली. शेजारी बसणारी कोळीण म्हणाली, "काय गो, बोंबील सोडून तेल इकाला लागलीस काय?"

"लागली ना. आदी तुज्या जिभेला लावते," मावशी म्हणाली. दोघी हसल्या.

मग नेहमीचं एक गिऱ्हाईक आलं. त्यानं मूठभर सुकट उचलली आणि नाकाशी नेऊन वास घेतला. मावशीच्या पाटीवरची सुकट माझ्या देखत कुणी कधी हुंगून घेतली नव्हती. लोक तिच्या तोंडाकडे बघायचे आणि पिशवी पुढे करायचे. मावशी तराजू हातात धरून नुसती वाट बघत राहिली.

संध्याकाळी बांधावर तिनं विचारलं, "तो फोटो किती जनांकडं हाय?"

"माहीत नाही, मावशी."

"मग त्यान्ला सांग, मी तेल इकत नाय."

पाणी ओसरत होतं. चिखलावर चिंबोऱ्या तिरक्या पळत होत्या, आणि ती कुठल्याच जागेचं नाव सांगत नव्हती.

म्हणून सांगते आहे. ती तेल विकत नाही. इतरांच्या पानांवरची पट्टी मला काढता येत नाही, ज्याची त्यानंच काढायची असते. तुमचा ब्लॉग असेल, दुकानाची किंवा मंडळाची साइट असेल, तर आत्ता उघडा आणि अगदी तळापर्यंत जा. तिथं पांढऱ्या केसांची, पाण्याकडे पाठ करून हसणारी एक बाई दिसली, तर ती पट्टी आजच्या आज काढून टाका.